मुंगी चावल्यासारखी भीती

"सौम्य भीती म्हणजे किती?" डॉक्टरांनी मोबाइल जेवणाच्या टेबलावर आपटला. "दोन चमचे? अर्धी वाटी? काही माप आहे की नाही? बेजबाबदार लोक!"

सकाळचे साडेसात वाजले होते. बायको कामावर निघायच्या घाईत एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. नऊ वर्षांची लेक, जिला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत, दुधात पाव बुडवून खात होती.

"आता कोणावर तापलायस?" बायकोने टेबलाखालून विचारलं.

"हे बघ ना! 'कुटुंबासह पाहण्याजोगे दहा भयपट. वय वर्षे सात आणि पुढे. सौम्य भीती.' छातीठोकपणे लिहून मोकळे! लिहिणाऱ्याने सात वर्षांचं मूल कधी जवळून तरी पाहिलंय का? मी एखाद्याला 'थोडं दुखेल' म्हणतो तेव्हा किती दुखणार ते मला नेमकं ठाऊक असतं."

"पण बाबा, तू 'थोडं दुखेल' म्हणतच नाहीस," ठिणगी म्हणाली. "तू सगळ्यांना 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' म्हणतोस. केवढी असते रे ती मुंगी?"

"ते वेगळं. त्यामागे शास्त्र आहे."

डॉक्टर दातांचे होते आणि त्यांचा दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर होता. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि ती ते कोणीही न विचारता ऐकवत: चौदा वर्षांत त्यांच्या खुर्चीतून एकही किंकाळी बाहेर पडली नव्हती. त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आतल्या खोलीला जाड दुहेरी दार बसवलं होतं, म्हणजे यंत्राची घरघर बाहेर ताटकळणाऱ्यांच्या कानी पडू नये. बाहेरच्या खोलीत भिंतीवर स्पीकर लावून दिवसभर झऱ्याची झुळझुळ चालू ठेवली होती. माणसाची भीती कशी मोजायची आणि कशी घालवायची हे आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अशा माणसाला गेल्या वर्षी त्याच मोबाइलवरच्या यादीने तोंडघशी पाडलं होतं.

झालं होतं असं. सुट्टीतल्या एका रविवारी डॉक्टरांच्या मोठ्या बहिणीची, म्हणजे ताईची, दोन्ही मुलं आली होती. दुपारी सगळ्यांनी मिळून यादीतला चौथा सिनेमा पाहिला. त्यात नळ सोडला की बेसिनच्या भांड्यातून केस वर येत. यादीच्या मते हीसुद्धा सौम्य भीतीच होती. धाकटा भाचा गोटी, वय वर्षे सात, त्यानंतर तीन महिने बाथरूममध्ये एकटा गेला नाही. आई बाहेर आहे याची आत खात्री पटावी म्हणून ताई दाराशी उभी राहून गाणी म्हणायची आणि गाणी संपली की तिथूनच भावाला फोन लावायची.

"तेरावं गाणं चाललंय," ती सांगायची. "तुझ्या कृपेने."

आता पुन्हा सुट्टी आली होती आणि पुन्हा रविवार ठरला होता. ताईने आधीच बजावलं होतं, "या वेळी एक जरी किंकाळी फुटली ना, तर माझी मुलं तुझ्या घराची पायरी चढणार नाहीत. सांगून ठेवते." दुसरीकडे थोरल्या भाचीने, तेरा वर्षांच्या लंबूने, ठिणगीला फोनवर सुनावलं होतं की या वेळी बोलणारा ससा वगैरे दाखवणार असाल तर मी येणारच नाही, मैत्रिणीकडे जाईन. आणि ठिणगीला तर या दोघांखेरीज भावंडं नव्हती. ती आली नाहीत की ठिणगी पट मांडायची, एका बाजूने स्वतः खेळायची आणि मग उठून पलीकडे बसून दुसऱ्या बाजूनेही स्वतःच खेळायची. डॉक्टरांना ते बघवत नसे.

"इकडे आड, तिकडे विहीर," ते म्हणाले. "यादीबिदी काही नको. प्रत्येक सिनेमा मी स्वतः तपासणार. मिनिटामिनिटाने!"

"रविवार पाच दिवसांवर आलाय," बायको म्हणाली. ती हवामान खात्यात होती. अंदाज सांगायचा आणि जे होईल ते शांतपणे पाहायचं, ही सवय तिने घरीही लावून घेतली होती. तिला चप्पल सापडली आणि ती गेली.

तपासणी घरी करणं शक्य नव्हतं, कारण ठिणगीने आधीच पाहिलं तर मजा काय? म्हणून डॉक्टरांनी दुपारची वेळ निवडली. दवाखान्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या सिस्टर एक ते साडेतीन घरी जेवायला जात. साडेतीनला रुग्ण सुरू होत. खुर्चीच्या वर रुग्णाला त्याच्याच दाढेचा फोटो दाखवायला एक पडदा होता. डॉक्टर खुर्चीत आडवे झाले आणि त्यांनी छातीवर पुठ्ठा घेऊन त्यावर दातांचा तक्ता लावला.

हा तक्ता म्हणजे दवाखान्यातला नेहमीचा छापील कागद. वर सोळा चौकोन, खाली सोळा, आणि किडलेल्या दातावर लाल फुली. डॉक्टरांनी सिनेमाचे बत्तीस भाग केले, दर तीन मिनिटांना एक चौकोन. जिथे मूल दचकेल तिथे लाल फुली मारायची. पाचाच्या वर फुल्या झाल्या की सिनेमा कुजका, उपटून टाकायचा. तक्त्याच्या तळाशी 'रुग्णास दिलेली कल्पना' अशी एक ओळ होती. तिथे चौदा वर्षं ते एकच वाक्य लिहीत आले होते, ते कोणतं हे सांगायला नको.

मंगळवारी पहिला सिनेमा लावला. आवाज येईना. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी होता तेवढा सगळा वाढवला. तरी पडदा मुकाच.

"यंत्रंसुद्धा बेजबाबदार," ते पुटपुटले आणि खाली उमटणारी वाक्यं वाचत त्यांनी फुल्या मारायला सुरुवात केली. बाराव्या चौकोनापर्यंत नऊ फुल्या झाल्या. भरीला लाल पेन गळायला लागलं. सिनेमा उपटून ते उठले, कोट ठाकठीक केला आणि साडेतीनच्या ठोक्याला दार उघडून हसतमुखाने म्हणाले, "चला, पुढचं कोण?"

बाहेर तीन माणसं असायला हवी होती. होता एकच, एक आडदांड बसचालक, तोही दाराशी. त्याने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लाल झालेल्या दोन्ही हातांकडे, मग कोटावरच्या डागांकडे. "माझी दाढ थांबली," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत निघून गेला.

"आपोआप थांबते?" डॉक्टर त्याच्यामागे ओरडले. "चौदा वर्षांत एकाची थांबली नाही!"

बुधवारीही तेच. बाहेर फक्त कवळी बसवायला आलेले निवृत्त पोस्टमास्तर उरले होते. त्यांना ऐकू कमी यायचं.

"बाकीचे कुठे गेले?" डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी विचारलं.

"उठून गेले हो. आधी एकमेकांचे हात धरून बसले होते, मग एकदम पळाले. मला बरंच झालं, नंबर लवकर लागला."

"लोकांना शिस्त म्हणून नाही!" डॉक्टर संतापले. "वेळ घ्यायची आणि यायचं नाही! आणि उद्या दाढ ठणकली की हेच गाल धरून दारात उभे!"

गुरुवारी सिस्टर लवकर परतल्या. डॉक्टर चौथ्या सिनेमाच्या नवव्या चौकोनात असताना दुहेरी दारावर धपाधप बुक्के बसू लागले. दार उघडलं तर सिस्टर हातात छत्री उगारून उभ्या.

"डॉक्टर, आधी त्या बाईंना सोडा!"

"कोणत्या बाईंना?"

सिस्टरने खुर्चीखाली पाहिलं, कपाट उघडलं, खिडकीच्या पडद्यामागे पाहिलं. "आत्ता तर 'वाचवा, वाचवा' म्हणून टाहो फोडत होत्या! अख्ख्या जिन्यात आवाज येतोय! मी चपलासुद्धा खालीच टाकून आले!"

आणि मग उघड्या दारातून डॉक्टरांनी स्वतः ऐकलं. त्यांच्या मागे पडद्यावर एका बाईने तोंड उघडलं आणि समोर, बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या स्पीकरमधून काळीज चिरणारी किंकाळी फुटली. ज्या स्पीकरवर झऱ्याची झुळझुळ वाजायची तो याच यंत्राला जोडलेला होता. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच जोडला होता, स्वतःच्या हाताने. तीन दिवस ते दुहेरी दाराआड शांतपणे फुल्या मारत होते आणि बाहेर रुग्ण एकामागून एक किंकाळ्या ऐकत बसले होते.

"चौदा वर्षं!" डॉक्टर खुर्चीत कोसळले. "चौदा वर्षं एक किंकाळी नाही! आणि लोकांनी इतक्यात विश्वास ठेवला? माझ्यावर? आत येऊन विचारायला काय झालं होतं?"

"कोण येईल आत?" सिस्टर म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून लागत होता.

दुसरा कोणी असता तर चार दिवस गप्प बसला असता. पण डॉक्टरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता आणि संतापाच्या भरात माणूस लिहायला बसला की काय होतं ते सांगायला नको. त्यांनी जाड पेनाने एक सूचना लिहिली आणि दवाखान्याच्या दारावर चिकटवली: 'येथे ऐकू आलेल्या किंकाळ्या रुग्णांच्या नव्हत्या. त्या डॉक्टरांनी वैयक्तिक कारणासाठी लावल्या होत्या. कोणीही घाबरू नये.'

"हे लावू नका," सिस्टर म्हणाल्या.

"का? शब्दन् शब्द खरा आहे!"

"म्हणूनच."

शुक्रवारी सकाळी पाच जणांनी वेळ रद्द केली. दुपारी आणखी चार जणांनी. संध्याकाळी ठिणगी बाहेरून खेळून आली तीच उड्या मारत.

"बाबा, तू पेशंटना बांधून ठेवतोस?"

"काय?"

"कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी म्हणत होती. तिच्या मावशीने स्वतः ऐकलं. आणि तू बाहेर आलास तेव्हा तुझे हात रक्ताने भरले होते म्हणे!"

"पेन गळत होतं!"

"मी तिला काही सांगितलं नाही," ठिणगी अभिमानाने म्हणाली. "आज सगळ्यांनी मला आधी झोका दिला."

डॉक्टर रात्रभर दात-ओठ खात राहिले. शनिवारी मात्र एका गोष्टीचं समाधान मिळालं: त्या दुपारी पाहिलेल्या शेवटच्या सिनेमाचा तक्ता निघाला कोराकरकरीत. बत्तीसच्या बत्तीस चौकोन स्वच्छ, एक फुली नाही. इतकी निरोगी कवळी त्यांनी माणसातही कधी पाहिली नव्हती. दवाखाना बुडाला तर बुडाला, निदान रविवार तरी वाचेल, असं म्हणून त्यांनी तळाच्या ओळीत नेहमीचं वाक्य लिहिलं.

रविवारी दुपारी ताईने मुलांना दाराशी सोडलं, भावाकडे एकदा रोखून पाहिलं आणि ती गेली. पडदे ओढले, मक्याच्या लाह्यांचं पातेलं मध्ये ठेवलं, तिघं मुलं एका पांघरुणात शिरली. सिनेमा सुरू झाला. सहाव्या चौकोनात, म्हणजे अठराव्या मिनिटाला, एक पांढरा सज्जन माणूस भोपळ्यांना पाणी घालत होता.

"मामा, भूत कधी येणार?" लंबूने विचारलं.

"हेच भूत."

"हा? मला वाटलं माळी आहे."

"लाजाळू भूत आहे ते," डॉक्टर घाईने म्हणाले. "पुढे रंगतं. पुढे त्याची वेल वाळते."

लंबूने एवढी मोठी जांभई दिली की डॉक्टरांना तिची मागची अक्कलदाढसुद्धा कुठे येणार ते दिसलं. मग ती शेजारी बसलेल्या ठिणगीला, फार हळूही नाही, म्हणाली, "मी पुढच्या वेळी मैत्रिणीकडेच जाते हं." ठिणगीने नुसतं पांघरूण नाकापर्यंत ओढलं आणि डोळे मोठे करून समोर पाहत राहिली. भोपळ्यांकडे पाहून कोणाचे डोळे भरत नाहीत.

तेवढ्यात गोटीने विचारलं, "मामा, तुझ्या दवाखान्यात खरंच माणसं ओरडतात?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच. आमच्या शेजारचे काकासुद्धा. त्यांनी तुझ्याकडचा नंबर रद्द केला."

एवढं पुरे होतं. चार दिवस कोंडलेली वाफ बाहेर पडली. "सगळे म्हणतात! सगळे म्हणतात!" डॉक्टर ताडकन उठले. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! अरे, घाबरण्यासारखं आहे काय तिथे? चला! आत्ताच्या आत्ता चला! एकेक वस्तू दाखवतो!"

"अरे, राहू दे," बायको म्हणाली.

"नाही! आपल्याच घरातली मुलं अशी बोलायला लागली तर बाहेरच्यांचं काय? चला खाली!"

मुलं तीन उड्यांत जिन्यात पोचली. सिनेमातलं भूत वरती एकटंच भोपळ्यांना पाणी घालत राहिलं.

डॉक्टरांनी आतली खोली उघडली, मुलांना आत घेतलं आणि दुहेरी दार लावलं. "हे पहिलं. हे दार बघा किती जाड आहे. आतला आवाज बाहेर जात नाही. कितीही ओरडलं तरी कोणाला कळत नाही. आहे का घाबरण्यासारखं काही?"

मुलं एकमेकांना चिकटली. डॉक्टरांना हुरूप आला. त्यांनी गोटीला खुर्चीत बसवलं, खुर्ची आडवी केली आणि वरचा दिवा त्याच्या तोंडावर सोडला. "हा दिवा. म्हणजे मला आतलं सगळं दिसतं, तुला मात्र काही दिसत नाही. आता हे." त्यांनी ट्रे पुढे ओढला. "हा आकडा. याने खरवडायचं. ही सुई. ही पार मुळापर्यंत जाते, पण मुंगी चावल्यासारखं वाटतं. आणि हा चिमटा. याने धरायचं, असं हलवायचं, हलवायचं, हलवायचं, आणि मग..." त्यांनी मनगट झटकन फिरवलं.

लंबूच्या तोंडातली लाही तोंडातच राहिली.

"आणि ही फळी," डॉक्टर रंगात आले होते. फळीवर प्लास्टरचे चाळीस जबडे दात विचकून ओळीने मांडले होते. "ही सगळी माझी जुनी माणसं. आणि ही बरणी. यातला प्रत्येक दात मी काढलाय." त्यांनी बरणी खुळखुळ वाजवली. "विचारा एकेकाला, ओरडला का? एकही ओरडला नाही! ओरडणार कसा? तोंडात माझे दोन्ही हात!"

गोटीने दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून घेतलं होतं. बोटांच्या फटीतून बारीक आवाज आला, "मामा, मी घासतो. मी रोज घासतो."

"शाब्बास! बघा, पटलं ना?" डॉक्टरांनी दार उघडलं आणि विजयी मुद्रेने बाहेर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "एक तरी किंकाळी आली?"

"नाही," बायको मुलांचे पांढरे पडलेले चेहरे पाहत म्हणाली. "हवा एकदम पडलीये."

मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. डॉक्टर सज्जच होते. "ताई, एक किंकाळी फुटलेली नाही. मी शब्द पाळला. सिनेमा तर असा निवडला होता की त्यात..."

"सिनेमाचं मरू दे. मी कुठे उभी आहे सांगू?"

"कुठे?"

"बाथरूमच्या दाराशी! गेल्या वर्षी हा आत जाईना, आता बाहेर येईना! दिवसातून सहा वेळा दात घासतोय. आत्ता विसाव्या मिनिटाला मागचे घेतलेत. मला आंघोळ करायचीये, कामावर जायचंय!"

"पण दातांच्या दृष्टीने बघितलं तर..."

"गप्प बस! आणि हिने, लंबूने, मैत्रिणींना काय सांगितलंय देव जाणे, पाच जणी पुढच्या रविवारी तुझ्याकडे येणार म्हणून बसल्यात. ठिणगीने तिकडून सगळ्यांच्या वेळासुद्धा लावून दिल्यात. असा सिनेमा आयुष्यात पाहिला नाही म्हणते ही. कोणता दाखवलास तू?"

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि धुमसतच ते जिना उतरले. चौदा वर्षं लोकांची भीती घालवण्यात हाडं झिजवायची आणि शेवटी हे! दवाखान्याच्या दाराशी सिस्टर आणि पोस्टमास्तर शेजारी शेजारी उभे राहून काहीतरी वाचत होते. डॉक्टरांच्या सूचनेच्या जागी आता दातांचा एक तक्ता चिकटवलेला होता. अक्षर ठिणगीचं होतं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'बाबांचा दवाखाना'. वयाच्या जागी, 'आठ वर्षे आणि पुढे'. बत्तीसच्या बत्तीस चौकोनांत लाल फुल्या होत्या. शेजारी कोपऱ्यात, 'कुटुंबासह पाहण्याजोगा'. आणि तळाशी, 'रुग्णास दिलेली कल्पना' या ओळीपुढे, 'मुंगी चावल्यासारखी भीती वाटेल'.

"काढून टाकू का?" सिस्टरने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. संतापाने त्यांचे कान लाल झाले होते.

"मुंगी चावल्यासारखी!" ते म्हणाले. "अहो, पण केवढी मुंगी, ते नको लिहायला? बेजबाबदार लोक!"